बिस्किटावरचा आळ

उंदरांनी अकरा खंडांच्या पाठी कुरतडल्या होत्या, आणि त्या अकराच्या अकरा खळकाकांनी गेल्या वर्षभरात स्वतःच्या हातांनी बांधलेल्या होत्या. शेजारच्या बावन्न जुन्या खंडांना उंदरांनी तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

ग्रंथालयाच्या तळघरात एका भिंतीला खळकाकांचं बांधणीचं टेबल होतं. त्यावर दोरा, टोचा, पुठ्ठे, पुस्तकं दाबून ठेवायचा शिकंजा आणि खळीचं पातेलं. समोरच्या भिंतीला शहरातल्या एका केव्हाच बंद पडलेल्या वर्तमानपत्राचे त्रेसष्ट खंड, एकेका खंडात सहा महिन्यांचे अंक. हे अंक जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. जेवणाच्या सुट्टीत एकेक पान करत खळकाकांनी ते सगळे वाचले होते. काही दोनदा. त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. पिठाची खळ शिजवतो तो खळकाका, एवढं सगळ्यांना पुरत होतं, आणि त्यांनाही.

ग्रंथपालबाई जिना उतरून आल्या, बॅटरीचा झोत त्या अकरा पाठींवरून फिरवला आणि म्हणाल्या, "तुमच्या नव्या बांधणीला उंदीर लागतात, जुन्या बांधणीला लागत नाहीत. मी काय समजायचं, काका?"

"माझंच... माझंच काहीतरी चुकलं असेल."

"चुकलं कुणाचं ते राहू द्या. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी समिती बसतेय. सगळ्या पानांचे फोटो काढून झालेत. उंदरांनी घर केलेला कागद ठेवायचा कशाला, असं बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. लगद्याच्या कारखान्याला जायचं पत्र तयार आहे. सही तेवढी बाकी."

खळकाकांची नजर समोरच्या भिंतीकडे गेली. त्रेसष्ट खंड, आणि त्यांचा लगदा.

"शुक्रवारपर्यंत थांबाल?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"थांबते की. एकोणीस दिवस आहेत. उंदीर बंद झाले तर समितीला तसं सांगा. पण तुम्ही सांगायचं, वर सभागृहात येऊन. आणि विष चालणार नाही. लोक बोट जिभेला लावून पान उलटतात, हे मागच्या वर्षीच बोललेय मी."

बाई गेल्या आणि खळकाका स्टुलावर बसले. नव्या पाठींना उंदीर का लागतात हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. अडतीस वर्षं ते खळीत चिमूटभर मोरचूद घालत आले होते. त्या निळ्या खड्यांमुळे खळीला कीड लागत नाही, उंदीरही दूर राहतात. मागच्या वर्षी बाईंनी मोरचूद बंद करायला सांगितला. यांनी मान हलवली आणि बंद केला. "पण उंदीर?" एवढे दोन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि आपलं म्हणणं खरं असेल असं खळकाकांना सहसा वाटत नसे.

त्यात ते सभागृह. बावीस वर्षांपूर्वी त्यांना तिथे पुस्तकबांधणीवर चार शब्द बोलायला उभं केलं होतं. माइक किंचाळला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडातून शब्द फुटेना. शेवटी ते कागद तिथेच टाकून खाली पळून आले. तेव्हापासून सभागृहाच्या दारावरून जायचं टाळण्यासाठी ते मागच्या जिन्याने ये-जा करत.

संध्याकाळी घरी त्यांची मुलगी आली होती. ती एका प्रयोगशाळेत उंदरांना शिकवायचं काम करी, आणि त्यांना "माझी पोरं" म्हणे. यावरून तिच्या आईचं आणि तिचं दर भेटीत वाजायचं.

"नातवंड दाखव म्हटलं तर ही उंदरं दाखवते," आई म्हणाली.

"तुझ्या नातवंडापेक्षा माझी पोरं लवकर शिकतील. एका खेपेत." ती वडिलांकडे वळली. "बाबा, काय झालंय? तोंड का असं?"

खळकाकांनी सगळं सांगितलं. सांगताना तीनदा "माझंच चुकलं" म्हणाले. चौथ्यांदा म्हणणार, तोच मुलगी खुर्ची पुढे ओढून बसली. तिचे डोळे लकाकत होते.

"बाबा, चुकलं-बिकलं काही नाही. तुमचे उंदीर शिकलेले नाहीत, एवढंच! मी रोज काय करते? एक पेटी असते, अर्धी उजेडात, अर्धी अंधारात. उंदराला अंधार आवडतो, तो आत जातो. आत पायांना बारीकसा झटका बसतो. दुसऱ्या दिवशी तोच उंदीर त्याच दारात ठेवा. पाच-पाच मिनिटं दारात उभा राहतो, मिशा हलवतो, पण आत पाऊल टाकत नाही. एकदाच बसलेला झटका, पण तो विसरत नाही."

"माझ्याकडे झटक्याची पेटी कुठून येणार?"

"पेटी नको. पोट आहे ना! उंदराला ओकता येत नाही. त्यामुळे तो खाण्यात फार जपून असतो. थोडं चाखतो आणि वाट बघतो. चार तासांनी पोट बिघडलं, तरी कशाने बिघडलं ते लक्षात ठेवतो. मग त्या वस्तूच्या वाटेला जात नाही. पुस्तकात मोरचूद नको ना? नको. मोरचूद घातलेले खळीचे गोळे वेगळे जमिनीवर ठेवायचे, शिकवायचं, आणि गोळे उचलून टाकायचे. पुस्तकाला साधी खळ."

"मरणार नाहीत ना ते?"

"मेले तर शिकणार कोण, बाबा? चिमूटभरच घाला. नुसतं मळमळू दे."

त्या रात्री जेवताना खळकाकांनी दोनदा भाजी मागून घेतली. निघताना मुलीने त्यांच्या पिशवीत संत्र्याच्या वासाच्या बिस्किटांचा पुडा टाकला. "नवीन आलीत. चहाबरोबर खा."

दुसऱ्या दिवशी खळकाकांनी साखर आणि चिमूटभर मोरचूद घालून खळीचे तीन गोळे वळले आणि कपाटाखाली एका फरशीच्या तुकड्यावर मांडले. भोवती जमिनीवर पांढरी पावडर भुरभुरवली, म्हणजे पायांचे ठसे उठतील. एवढं सगळं एका हाताने केलं, कारण दुसऱ्या हातात बिस्किट होतं. मग दोन्ही हात लागले तेव्हा बिस्किट फरशीवरच ठेवलं, आणि खळकाका ते तिथेच विसरून घरी गेले.

सकाळी बघतात तर गोळे अर्धे खाल्लेले, बिस्किटही अर्धं खाल्लेलं, आणि पावडरीवर ठसेच ठसे. खळकाका इतके हरखले की कोट न काढताच खळ ढवळायला लागले. फरशी धुतली, गोळे टाकून दिले आणि वाट बघत बसले.

तिसऱ्या दिवशी त्या अकरांपैकी एका खंडाची पाठ आणखी कुरतडलेली होती. चौथ्या दिवशी आणखी एकाची.

"शिकले नाहीत गं," ते फोनवर मुलीला म्हणाले. "तुझी शिकतात, माझी शिकत नाहीत. शिकवणाऱ्यातच खोट असणार."

"बाबा, काहीतरी वेगळं झालंय. तिथे आणखी काय होतं? नीट आठवा."

"काही नव्हतं. गोळे होते फक्त."

सातवा दिवस उजाडला. बारा दिवस उरले. खळकाका टेबलाशी डबा उघडून पावाचा तुकडा नुसताच मोडत बसले होते. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची नवी कारकूनबाई धाडधाड जिना उतरून आली. तिला येऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. तळघरात कुणी फारसं येत नाही, म्हणून रडायचं झालं की ती इथे यायची.

"काका, मला सांगा, छत कधीपासून गळतंय?"

"वाचनकक्षातलं? तीन वर्षं झाली असतील."

"आणि ते घड्याळ?"

"ते तर मी लागलो तेव्हापासून मागे पडतंय."

"मग सगळे माझ्याकडे का बघतात? छत गळलं, माझ्याकडे बघतात. कार्डं उलटीपालटी झाली, माझ्याकडे बघतात. आज चहात साखर नव्हती, तर मोठ्या कारकुनांनी माझ्याकडे बघितलं! मी चहाच्या वाटेलाही गेले नव्हते!"

"नवीन आहात ना," खळकाका समजुतीच्या सुरात म्हणाले. "जुनी माणसं एकमेकांना ओळखतात. अंगवळणी पडलेल्या माणसावर कोण संशय घेतं? काही बिघडलं की खापर फुटतं ते नव्या माणसाच्याच..."

आणि ते थांबले. हातातला पावाचा तुकडा तसाच राहिला.

त्यांची नजर कपाटाखाली गेली होती. तिथे परवापासून त्यांच्याच हातून पडलेलं एक संत्र्याचं बिस्किट होतं. आख्खं, कोपराही न मोडलेलं. त्याच्या शेजारी काल पडलेली पावाची कड मात्र गायब होती. या तळघरात आजवर खाण्याचा कण कधी रात्रभर टिकला नव्हता!

"बिस्किट!" खळकाका ओरडले. अडतीस वर्षांत तळघरात इतक्या मोठ्याने कुणी ओरडलं नव्हतं. "अहो, बिस्किटावर आळ घेतला त्यांनी!"

"कुणी?" कारकूनबाई घाबरून उठली. "कसला आळ? मी नाही घेतलं बिस्किट!"

"तुम्ही नाही हो, उंदरांनी! खळ ते वर्षभर खातायत. ती त्यांची जुनी ओळखीची. पोट बिघडल्यावर ते खळीवर कशाला संशय घेतील? फरशीवर नवीन कोण होतं? बिस्किट!"

त्यांनी गुडघ्यांवर बसून पावडर बघितली. बारीक पावलांची एक ओळ सरळ बिस्किटापर्यंत आली होती, वीतभर अंतरावर थबकली होती, आणि वळसा घालून पावाकडे गेली होती. शेपटीची रेघसुद्धा वळलेली दिसत होती. छापलेल्या ओळीसारखं स्वच्छ वाचता येत होतं सगळं.

प्रयोगशाळेतला फोन मुलीने तिसऱ्या घंटीला उचलला. "लवकर बोला, बाबा, एका हातात उंदीर आहे."

"बिस्किट खाल्लं होतं त्यांनी! तू दिलेलं! मी फरशीवर विसरलो होतो! आणि आता बिस्किटाला शिवत नाहीत!" शब्द कुठेही न अडखळता बाहेर पडत होते. "म्हणजे शिकलेत ते! उत्तम शिकलेत! फक्त धडा चुकीचा शिकलेत!"

पलीकडे मुलगी इतकी हसली की तिच्या हातातल्या उंदराने चीं केलं. "बाबा! हेच आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, आणि माझ्या डोक्यातच आलं नाही. ओळखीच्या चवीवर ते पटकन दोष ठेवत नाहीत. मग आता?"

"आता खळीलाच नवीन करतो. लवंगेचं तेल आहे माझ्याकडे, वासासाठी थेंबभर घालतात काही जण. लवंग आणि मोरचूद मिळून गोळे करायचे. पुस्तकाला नुसती लवंगेची खळ, मोरचूद नाही."

"थांबा, थांबा. लवंग त्यांना मुळातच आवडत नसली तर? मग शिकले की नुसते रुसले, कसं कळणार? थोडी लवंगेची खळ मला पाठवा. माझ्या पोरांना देऊन बघते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "वाटी चाटूनपुसून लख्ख! आणखी मागतायत."

आठव्या दिवशी संध्याकाळी खळकाकांनी लवंग-मोरचुदाचे गोळे मांडले. या वेळी दोन्ही हात रिकामे ठेवले, खिसेसुद्धा झटकले. गोळे खाल्ले गेले. मग फरशी उचलली, जमीन दोनदा पुसली, आणि ते बांधणीला बसले. कुरतडलेल्या अकरा खंडांपैकी आठ घेतले. चार पाठी साध्या खळीने चिकटवल्या, चार लवंगेच्या. कारकूनबाई जेवणाच्या सुट्टीत येऊन शिकंज्याचा दांडा फिरवू लागली. वरच्यापेक्षा इथे बरं आहे, म्हणाली, इथे उंदरांवर संशय घेतात. बाराव्या दिवशी आठही खंड एकाच फळीवर लागले. एक साधा, एक लवंगेचा, पुन्हा एक साधा. फळीवर आणि खाली पावडर.

घरी मात्र त्यांनी नांगी टाकली. "हे जमलं, तरी वर जाऊन सांगणार कोण? त्या सभागृहाच्या दारावरूनसुद्धा मी जात नाही. मागच्या वेळी काय झालं, विसरलीस?"

"मी कशाला विसरेन?" बायको म्हणाली. "एकशे दोन ताप होता तुम्हाला. जाऊ नका म्हणून दारात उभी राहिले होते मी. घरी आलात ते तसेच अंथरुणात पडलात, पाच दिवस."

खळकाका तिच्याकडे बघत राहिले. "ताप होता?"

"होता म्हणजे? माइकच्या नावाने बोटं मोडत होतात आणि अंग तव्यासारखं तापलं होतं."

ताप दरवर्षी यायचा. ताप ओळखीचा होता. नवं होतं ते सभागृह. खळकाकांचा भात कालवायचा राहून गेला, आणि बायकोला पुन्हा विचारावं लागलं, "आता काय झालं? हसताय काय असे?"

सतराव्या दिवशी सकाळी ते कारकूनबाईला घेऊन जिना उतरले. दिवा लावायला त्यांचा हात धजेना, शेवटी तिनेच लावला.

पहिला खंड, साधा. पाठीचा खालचा कोपरा खाल्लेला. दुसरा, लवंगेचा. कोरा करकरीत. तिसरा खाल्लेला, चौथा कोरा. खळकाका एकेक पाठ बोटाने चाचपत पुढे सरकत होते आणि मोठ्याने सांगत होते, "खाल्ला! शाबूत! खाल्ला! शाबूत!" आठव्याशी पोचले तेव्हा त्यांचा आवाज चिरकला होता. मग ते फळीवर वाकले. लवंगेच्या प्रत्येक पाठीपुढे पावलं आली होती, थबकली होती. एका जागी तर पुढच्या दोन पायांचे ठसे जरा खोल उमटले होते. तिथे एक उंदीर बराच वेळ उभा राहिला असावा, मुलीच्या पेटीच्या दारात राहतो तसा. मग शेपटीची रेघ वळली होती.

"आठवलं त्याला," खळकाका हळूच म्हणाले. "इथे उभं राहून आठवलं."

कारकूनबाईने टाळ्या पिटल्या. दोन दिवस दोघांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

शुक्रवारी खळकाका पुढच्या जिन्याने वर गेले. सभागृहाच्या दारात पाय थबकलेच. मिशा असत्या तर त्याही हलल्या असत्या. कपाळाला हात लावून बघितला, थंड होतं. आत गेले.

लांब टेबलाशी सात जण बसले होते. मधोमध समितीचे अध्यक्ष, अंगाने ऐसपैस, आणि बिस्किटांची बशी कुठेही ठेवली तरी ती त्यांच्यासमोर येते असा त्यांचा लौकिक. आताही चहाची वाट बघत ते दाराकडे डोळे लावून होते. ग्रंथपालबाईंच्या पुढ्यात लगद्याच्या कारखान्याचं पत्र होतं, आणि पत्रावर पेन.

खळकाकांनी आठ खंड दोन खेपांत आणून टेबलावर मांडले. सुरुवातीला ततपप झालं. पहिलं वाक्य ते दोनदा बोलले. पण मग बिस्किटाची गोष्ट आली, आणि त्यांना थांबवणं कुणालाच जमलं नसतं. फरशी, गोळे, हातातलं विसरलेलं बिस्किट, रात्रभर मळमळलेले उंदीर, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बिचाऱ्या संत्र्याच्या बिस्किटावर पडलेला बहिष्कार. सगळे हसले. खळकाका दचकले, मागे एक पाऊल गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं की लोक पुढे झुकून हसतायत. ते पाऊल त्यांनी परत आणलं.

"पण काका," ग्रंथपालबाईंनी विचारलं, "हे उंदीर म्हातारे होऊन मरतील. त्यांच्या पोरांना लवंगेचं कोण सांगणार?"

"पोरं आई खाते तेच आधी खातात, बाई. आई ज्याला शिवत नाही, तिकडे सहसा जात नाहीत. तरी मी दरवर्षी एकदा धडा देईन. जमिनीवर, पुस्तकांपासून लांब. पुस्तकात लवंगेखेरीज काही नाही. आणि मोरचूद बंद केला की असं होणार हे मला मागच्याच वर्षी ठाऊक होतं. मी बोललो नाही. तेवढं मात्र खरंच माझं चुकलं."

बाईंनी एक लवंगेची पाठ नाकाशी नेली, हुंगली. मग पत्रावरचं पेन उचलून टोपण लावलं.

"वर्षभर बघू," त्या अध्यक्षांना म्हणाल्या. "खंड ठेवू या."

"ठेवा, ठेवा," अध्यक्ष म्हणाले. सहा माना हलल्या.

खळकाकांनी टेबलावरच्या आठ पाठींवरून हात फिरवला. त्रेसष्ट खंड. खाली, आपल्या जागी.

एवढ्यात चहा आला. कारकूनबाईने मोठी बशी टेबलाच्या मध्यावर ठेवली. बशीत गोल गोल बिस्किटं होती, पिवळसर, आणि सभागृहभर संत्र्याचा वास पसरला.

अध्यक्षांचा हात सवयीने पुढे गेला. बिस्किटापासून वीतभर अंतरावर तो थबकला. मग वळून कपाकडे गेला.

बाकीच्यांनी बशीकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं, आणि नुसता चहा उचलला. मोठे कारकून दारात उभे होते, त्यांनी कारकूनबाईकडे बघितलं.

खळकाकांना हसू आवरेना. ते पुढे झाले, बशीतली दोन बिस्किटं उचलली, एक कारकूनबाईच्या हातात दिलं आणि दुसरं सभागृहाच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांच्या देखत, कुडुमकुडुम खाल्लं.